पात्याचं काज

कारखान्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणत आणि त्यांच्या बायकोला ताई. ही दोघं नवरा-बायको आहेत हे नव्या माणसाला कळायला महिना तरी जाई, कारण कामाच्या वेळात दोघांची गाठच पडत नसे. उस्ताद इमारतीच्या एका टोकाला, धारेच्या खात्यात. ताई दुसऱ्या टोकाला, पॅकिंगच्या खोलीत, जिथे डोक्याला टोपी आणि अंगात पांढरा झगा असल्याशिवाय कुणालाही मज्जाव होता. मधे लांबलचक बोळ आणि दोन दरवाजे. एकोणीस वर्षं दोघं एकाच स्कूटरवरून येत, फाटकाशी दोन दिशांना पांगत आणि सुटी झाली की पुन्हा फाटकाशी भेटत.

कारखाना ऑपरेशनच्या चाकूची पाती बनवायचा. पोलादी पट्टीची गुंडाळी एका दारानं आत यायची. प्रेसखाली तिची पाती पडायची, भट्टीत तापून ती कडक व्हायची आणि मग यायची उस्तादांकडे, धारेला. तिथून धुणं, तपासणी आणि शेवटी ताईंचं टेबल. प्रत्येक पातं आधी तेलकट कागदाच्या घडीत, मग चंदेरी पाकिटात, आणि पाकीट चारी बाजूंनी गरम दाबानं बंद. त्या दाबाच्या रेघेला तिथे शिवण म्हणत. अशी शंभर पाकिटं एका डब्यात, वीस डबे एका खोक्यात. अख्खं खोकं किरणांखाली ठेवून निर्जंतुक केलं, की माल निघाला.

घरी तिसरं माणूस म्हणजे उस्तादांच्या आई. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे सदरे शिवले होते. आता सुईत दोरा ओवायला दुसऱ्याचे डोळे लागत, पण जिभेला कुणाचे डोळे लागत नव्हते. स्वयंपाकघरातली सुरी बोथट होती, तशीच ती वर्षानुवर्षं होती, आणि सासूबाई रोज एकदा तरी म्हणत, "माझा लेक साऱ्या जगाची पोटं फाडायला धार लावतो. घरातला टोमॅटो मात्र ठेचूनच खायचा."

उस्ताद हसत आणि "उद्या लावतो" म्हणत.

त्यांचं सगळं लक्ष त्या वर्षी अकरा नंबरच्या पात्याकडे होतं. अकरा नंबर म्हणजे लांबट, त्रिकोणी, सुईसारख्या टोकाचं पातं. बाकी पात्यांसारखं गोलसर पोट त्याला नाही, सगळी करामत टोकात. डॉक्टर त्यानं कापत नाहीत, टोचून वाट करतात. उस्तादांनी धारेचा कोन थोडासा बदलला, शेवटचा हात कातडी चाकावर द्यायला सुरुवात केली, चाकाचा वेग कमीजास्त करून पाहिला. तपासणीत एका चौकटीवर पातळ रबरी पडदा ताणून बसवलेला असे. पातं त्यावर हळू उतरायचं आणि पडदा फाटायला किती जोर लागला ते काटा दाखवायचा. आठ महिन्यांनी काटा आधीच्या निम्म्यावर आला. उस्तादांनी तो आकडा एका चिठ्ठीवर लिहिला आणि चिठ्ठी खिशात ठेवली. पेढे नाहीत, भाषण नाही. संध्याकाळी स्कूटरवर मात्र ते गाणं गुणगुणत होते आणि ताईंना पाठीमागे बसून ते ऐकू येत होतं.

नव्या धारेचा माल बाहेर पडून दोन महिने झाले आणि एका हॉस्पिटलातून पत्र आलं. लिहिणारी तिथल्या स्टोअरची सिस्टर होती. अक्षर टपोरं, मजकूर मोजका. अकरा नंबरची चारशे पाकिटं तिनं एकेक करून उजेडाकडे धरून पाहिली होती. पाचांच्या कोपऱ्यात बारीक भोक होतं. "चांदणीसारखा ठिपका दिसतो," असं तिनं लिहिलं होतं. ती पाचही पाकिटं पत्राबरोबर होती. वापरलं एकही नव्हतं, पण भोक पडलं म्हणजे आतलं निर्जंतुकपण गेलं, हे सांगायला कुणी पंडित लागत नव्हता.

मॅनेजरसाहेब तसे भित्रे म्हणून प्रसिद्ध होते, पण त्या दिवशी त्यांनी भीती चांगल्या कामाला लावली. दुपारच्या आत त्यांनी जिथे जिथे अकरा नंबर गेला होता तिथे तिथे स्वतः फोन केला. "वापरू नका. बाजूला ठेवा. आम्ही परत नेतो." मग त्यांनी उस्तादांना आणि ताईंना खोलीत बोलावलं.

पाच पाकिटं टेबलावर होती. ताईंनी एक उचलून खिडकीकडे धरलं. खरंच चांदणी होती.

"पाकीट नाजूक आहे," उस्ताद म्हणाले.

"पाकीट तेच आहे जे नऊ वर्षं आहे," ताई म्हणाल्या. "बदललंय ते टोक."

"टोक तीक्ष्ण असणं हा दोष आहे का? चाकू आहे तो, चमचा नाही."

"चाकू आहे हे मलाही माहीत आहे. म्हणून तर तो पाकिटात ठेवतात, पाकिटाबाहेर नाही."

साहेबांनी घसा खाकरला. "घरी काय बोलायचं ते बोला. इथे कारण शोधा."

कारण सापडेना. ताईंनी गोदामातली दोनशे पाकिटं आणून बुडबुड्यांच्या बरणीत घातली. ही जाड काचेची बरणी. तिच्यात पाणी भरायचं, पाकिटं बुडवायची, झाकण घट्ट लावून वरची हवा पंपानं ओढून घ्यायची. सुईच्या अग्राएवढं भोक असलं तरी पाकिटातली हवा बुडबुड्यांची माळ लावून बाहेर येते. दोनशेत एक बुडबुडा निघाला नाही. खोकी उंचावरून टाकून पाहिली. तरी नाही. गोदामातला माल ठणठणीत आणि बाहेर गेलेला माल भोकाचा.

संध्याकाळी स्कूटरवर गाणं नव्हतं.

साहेबांनी "घरी बोला" म्हटलं होतं, ते दोघांनी मनावर घेतलं. भाजी निवडता निवडता पाकिटाच्या जाडीवर वाद झाला, पानं घेता घेता टोकाच्या कोनावर. "जाड पाकीट वापर." "हातमोजे घातलेल्या सिस्टरला ते फाडता यायला नको?" "मग दोन कागद घाल." "दोन कागद घातले की पाकीट फुगतं, शिवण धरत नाही. तुम्हाला काय, धार लावून मोकळे." शेवटी सासूबाईंनी ताट पुढे ओढलं.

"तुम्ही दोघं लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा इतकं बोलला नव्हता," त्या म्हणाल्या. "चालू द्या. मला फक्त मीठ इकडे सरकवा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुन्हा बोलावलं. रात्रभर विचार करून त्यांनी सोपा मार्ग काढला होता.

"जुनी धार परत लावू," ते म्हणाले. "जुन्या धारेला तक्रार नव्हती. उस्ताद, मी तुम्हाला कमी लेखतोय असं समजू नका. पण मला झोप लागत नाही."

ताईंना वाटलं, आता हे उसळतील. उस्ताद उसळले नाहीत. त्यांनी खिशातून ती चिठ्ठी काढली, एकदा पाहिली, आणखी एक घडी घालून परत खिशात ठेवली. "बरं," एवढंच म्हणाले.

ताई वाद जिंकल्या होत्या. टोक बदललं, टोकामुळेच भोक पडलं, हे त्या कालपासून म्हणत होत्या आणि साहेबांनी तेच मान्य केलं होतं. पण उस्ताद नुसतं "बरं" म्हणाले होते. हा माणूस भांडतो तोवर बरा असतो. गप्प बसला की काहीतरी खरंच मोडलेलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं.

"साहेब, चार दिवस द्या," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"इथे भोक पडत नाही, तिथे पडतं. म्हणजे मधल्या वाटेत काहीतरी होतंय. ती वाट आपल्यापैकी कुणी पाहिलीय का?"

साहेबांनी उस्तादांकडे पाहिलं, उस्तादांनी बायकोकडे. पाहिली कुणीच नव्हती.

पुढल्या सकाळी ताई मालाच्या गाडीत ड्रायव्हरकाकांच्या शेजारी बसल्या. काका साठीला टेकलेले, गुडघ्याला पट्टा बांधलेले, बोलायला मिळालं म्हणून खूश झालेले. बाकी नंबरांचा माल नेहमीसारखा चालला होता. त्यात ताईंनी अकरा नंबरचं एक खोकं दिलं होतं, वर लाल शाईनं "विक्रीसाठी नाही" लिहून. ते कसं ठेवायचं याबद्दल त्या मुद्दाम अवाक्षर बोलल्या नव्हत्या.

रस्ता दोन तास बरा होता. नंतरच्या रस्त्याबद्दल काका म्हणाले, "हा रस्ता नाही ताई, ही रस्त्याची आठवण आहे." गाडी डाव्या बाजूला आपटायची, मग उजव्या, मग दोन्ही बाजूंना एकदम. ताईंनी एका हातानं दार धरलं आणि दुसऱ्या हातानं दांडा.

पहिला थांबा नेमका त्या पत्र लिहिणाऱ्या सिस्टरच्याच हॉस्पिटलचा होता. काकांनी मागचं दार उघडलं आणि ताई बघतच राहिल्या. सगळी खोकी उभी होती. पुस्तकं फळीवर लावावीत तशी, एकाला एक खेटून, लेबलं दाराकडे करून.

"काका, खोकी अशी उभी का?"

"मग कशी?"

"आडवी. एकावर एक."

"आडवी ठेवली तर लेबल वर जातं, आणि त्यावर दुसरं खोकं बसतं. दहा नंबर कुठला, पंधरा नंबर कुठला, कसं कळणार मला?" काकांनी दोन्ही गुडघ्यांवर थाप मारली. "प्रत्येक थांब्यावर गाडीत चढून खोकी उचकायची म्हणजे या दोघांची परवानगी काढावी लागते. उभी ठेवली की खालूनच वाचतो, ओढतो, देतो."

ताईंनी लाल शाईचं खोकं ओढून घेतलं. लेबलाची अक्षरं सरळ, वाचता येतील अशी. त्यांनी डोळ्यांसमोर आपलं टेबल आणलं. पाकीट कसं जातं डब्यात? पात्याचं शेपूट लेबलाच्या माथ्याकडे, टोक पायथ्याकडे. बायका नऊ वर्षं तसंच ठेवत आल्या होत्या. म्हणजे अक्षरं सरळ उभी राहिली की आतल्या दोन हजार पात्यांची दोन हजार टोकं खाली. आणि खाली आपटणारा रस्ता. जुनी बोथट टोकं तेवढी ठोकर खाऊनही पाकिटाला दाद देत नव्हती. नवं टोक मधूनच एखादं आरपार जात होतं.

काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझी चूक झाली?"

"तुमची कशी होईल? लेबल आम्ही चिकटवतो. चुकीच्या तोंडाला चिकटवलं."

"पण साहेबांना सांगाल ना तसं?"

"असंच सांगेन, याच शब्दांत."

सिस्टर पत्रातल्या अक्षरासारखीच निघाली, टपोरी आणि मोजकी. तिनं ताईंना आत नेलं, खुर्ची दिली, फडताळ दाखवलं. तिथेही डबे उभेच होते, आणि तिचंही कारण तेच, लेबल दिसावं म्हणून. ताईंनी भोकांबद्दल माफी मागितली. सिस्टरनं हात हलवला.

"भोकं मी शोधीन, ते माझं कामच आहे," ती म्हणाली. "पण एक विचारायचं होतं. ही पाती तुम्ही बंद तर नाही ना करणार? आमचे मोठे डॉक्टर रोज विचारतात, नवीन अकरा नंबर आला का म्हणून. परवा म्हणाले, 'हात लावला की आपण होऊन आत जातं, जोर करावाच लागत नाही. ज्यानं ही धार लावली त्याला माझा नमस्कार सांगा.' आता कुणाला सांगणार मी? तुम्ही आलात, तुम्हालाच सांगते."

"सांगते मी त्यांना," ताई म्हणाल्या. ते आपल्याच घरात राहतात, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. का कोण जाणे, पण लाज वाटली.

परत आल्यावर ते खोकं फोडून दोनशे पाकिटं बरणीत घातली. तिसऱ्या खेपेला पाण्यातून बुडबुड्यांची एक माळ वर आली, बारीक, मोत्यांसारखी. मग आणखी एक. दोनशेत तीन. खोलीतल्या बायकांनी एकदम "अगंबाई!" म्हटलं. भोकं पाहून इतका आनंद त्या खोलीत आधी कधी झाला नव्हता.

साहेबांना सगळं सांगून झालं तेव्हा त्यांनी विचारलं, "म्हणजे लेबल बाजूला चिकटवलं की प्रश्न मिटला?"

"काकांचा मिटला. पण हॉस्पिटलच्या फडताळात, दुसऱ्याच्या गाडीत कोण कसं ठेवील ते आपल्या हातात नाही. पातं आतल्या आत घसरतंय तोवर खरं नाही. अजून दोन दिवस आहेत माझे."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ताईंनी आधी चहा ठेवला. उस्ताद दाराशी बूट काढत होते. त्या "बरं"पासून त्यांच्यात कामापुरतंच बोलणं झालं होतं.

"तुम्हाला एक नमस्कार आलाय," ताई म्हणाल्या.

"कुणाचा?"

त्यांनी सांगितलं. उस्ताद एक बूट हातात घेऊन तसेच बसून राहिले.

"आपण होऊन आत जातं, असं म्हणाले?"

"हो."

"की सहज आत जातं, असं?"

"आपण होऊन."

"आणि जोराचं काय म्हणाले?"

"जोर करावाच लागत नाही."

"करावाच लागत नाही, की फारसा करावा लागत नाही?"

"अरे, बूट ठेव आता खाली," सासूबाई आतून ओरडल्या. "तिला तिसऱ्यांदा तेच विचारतोयस. लिहून घे हवं तर."

उस्तादांनी बूट खाली ठेवला. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "परवा मी उगाच पाकिटाला नावं ठेवली. पाकीट चांगलं आहे तुझं."

"मीही टोकाला नावं ठेवली."

"ती तर ठेवलीसच."

"तेच म्हणतेय. आता चहा घ्या आणि घसरणं कसं थांबवायचं ते सांगा."

चहा झाल्यावर ताईंनी वहीचे कोरे कागद काढले. खरं पातं कारखान्याबाहेर आणायची बंदी होती, म्हणून उस्तादांनी पुठ्ठ्याचं पातं कापलं, खऱ्याच्या चौपट. टोक, पाठ, शेपूट आणि शेपटातली ती लांबट फट, जिच्यात चाकूची मूठ बसते. सगळं हुबेहूब. मग दोघांनी टोकाभोवती कागदाच्या घड्या घालायला सुरुवात केली. टोपी केली, टोक टोपीतून बाहेर आलं. दुहेरी टोपी केली, पाकीट फुगेल असं ताई म्हणाल्या. टोकापुढे गुंडाळी ठेवली, उस्ताद म्हणाले, ही सरकणार. जमिनीवर कागदाचे बोळे साठले.

सासूबाई खुर्ची ओढून जवळ आल्या. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचं पातं हातात घेऊन बोटांनी चाचपलं. एकदा कडेनं, एकदा मधून. शेपटाच्या फटीशी त्यांचं बोट थांबलं.

"याला काज आहे की!" त्या म्हणाल्या.

"आई, ते काज नाही," उस्ताद म्हणाले. "तिथे मूठ बसते."

"मूठ बसते तेव्हा बसू दे. आत्ता रिकामं आहे ना? चाळीस वर्षं काजं केली मी, मला शिकवू नकोस. काज असलं की बटण लावायचं. शेपूट बटणात अडकलं तर टोक जाईल कुठे? तुम्ही दोघं मघापासून तोंड धरायला बघताय. बैलाला काय तोंडानं बांधतात? दाव्यानं बांधतात ना?"

तीन दिवस सगळा कारखाना त्या टोकाकडे टक लावून बसला होता. शेपटाकडे कुणाची नजरच गेली नव्हती.

उस्तादांनी कागद घेतला, पण ताईंनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. त्यांनी कागदाला तीन बाजूंनी चीर दिली, जिभेसारखी एक पट्टी सुटी झाली. ती पट्टी पुठ्ठ्याच्या फटीतून वर ओढली, दुमडली आणि उरलेला कागद तिच्यावर मिटला. पुठ्ठ्याचं पातं हलवून पाहिलं. हललं नाही. कागद उभा धरून टेबलावर दणादणा आपटला. पातं जागच्या जागी, आणि टोकापुढे बोटभर मोकळी जागा.

"कागद एकच," ताई म्हणाल्या. "फुगणार नाही."

"जीभ कापायला छोटा छाप करून देतो मी," उस्ताद म्हणाले. "एका दाबात पन्नास कागद."

"उद्या?"

"उद्या म्हणजे उद्याच." आणि हे म्हणताना त्यांनी आईकडे चोरून पाहिलं, कारण त्यांच्या "उद्या"ची त्या घरात काय किंमत होती हे त्यांना माहीत होतं.

छाप खरोखर दुसऱ्या दिवशी दुपारी तयार झाला. पॅकिंगच्या बायकांनी सुरुवातीला तोंडं वाकडी केली. एका पाकिटाला एक काम वाढलं होतं. पहिले शंभर कागद कुणाचे फाटले, कुणाची जीभ उलटी गेली. मग एकीनं युक्ती काढली, पातं कागदावर ठेवायच्या ऐवजी कागदच पात्याखाली सरकवायचा, जीभ आपोआप वर येते. संध्याकाळपर्यंत हात बसले आणि गप्पा पुन्हा सुरू झाल्या, म्हणजे काम सुरळीत लागलं असं ताईंनी ओळखलं.

चौथ्या दिवशी काकांच्या गाडीतून नव्या कागदातलं खोकं त्याच रस्त्यानं जाऊन आलं, मुद्दाम उभं, मुद्दाम टोकं खाली. दुपारी चारला काकांनी ते आणून दिलं आणि म्हणाले, "आज मी एकही खड्डा सोडला नाही ताई. जे रस्त्यात नव्हते तेही शोधून काढले."

बरणीभोवती गर्दी झाली. साहेब आले. उस्ताद बोळाच्या दारात, काचेपलीकडे उभे राहिले, कारण त्यांना आत यायची मुभा नव्हती. ताईंनी पहिली वीस पाकिटं बुडवली. पंप घरघरला. पाणी स्तब्ध. दुसरी वीस. तिसरी. दोनशे झाली तेव्हा कुणीतरी हुश्श केलं, पण ताई थांबल्या नाहीत. त्यांनी दोन हजारच्या दोन हजार पाकिटं तपासली. त्यात तो दिवस संपला आणि पुढल्या दिवसाची दुपारही गेली. पाण्यातून काही वर आलं नाही. साहेबांनी कागदावर सही केली आणि खाली तारीख घालताना म्हणाले, "धार नवीच राहू दे, उस्ताद." मग पुढे म्हणाले, "आणि तुमच्या मातोश्रींना सांगा, डिझाइनच्या खात्यात जागा रिकामी आहे."

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "पेन्शन देतात का विचार."

काकांसाठी खोक्याच्या अरुंद बाजूलाही लेबल लागलं, मोठ्या अक्षरात. तरी ते काही दिवस खोकी उभीच ठेवत होते. सवय होती. ठेवली तरी आता हरकत नव्हती.

राहिला परत आलेला माल. सगळ्या गावांहून अकरा नंबरची खोकी परत आली, ती फोडायची, प्रत्येक पातं धुवून तपासायचं आणि नव्या कागदात घालायचं होतं. पॅकिंगला हात कमी पडले. साहेबांनी आठवडाभर प्रत्येक खात्यातून एकेक माणूस मागितला, आणि धारेच्या खात्यातून उस्ताद स्वतः आले.

एकोणीस वर्षांत ते पहिल्यांदा त्या खोलीत शिरत होते. टोपी लहान पडली, कान बाहेर राहिले. झगा गुडघ्यापर्यंतच पोचला. बायकांनी त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं आणि कागद कसा धरायचा ते दाखवलं. दगडी चाकावर केसाच्या जाडीचा फरक ओळखणारी त्यांची बोटं कागदाच्या जिभेशी मात्र हरली. तासाभरात शेजारणीची एकशे चाळीस पाकिटं झाली, त्यांची एकोणीस.

"उस्ताद, आज काटा किती दाखवतोय?" एकीनं विचारलं आणि सगळ्या हसल्या. उस्तादही हसले.

ताई फेरी मारत आल्या. त्यांच्यापुढची एकोणीस पाकिटं एकेक करून उचलून पाहिली आणि दोन बाजूला काढली.

"ही परत."

"का? जीभ बरोबर आहे."

"शिवण वाकडी आहे."

"एवढीशी? बरणीत घालून बघ, एक बुडबुडा येणार नाही."

"परत," ताई म्हणाल्या.

उस्तादांनी दोन्ही पाकिटं फाडली आणि पाती बाहेर काढली. पुन्हा कागद, पुन्हा जीभ, पुन्हा घडी, नव्या पाकिटाला पुन्हा दाब. या वेळी शिवण सरळ आली. ताईंनी ती पाहिली, पाकिटं डब्यात ठेवली, आणि शेजारची रिकामी खुर्ची ओढून स्वतःही कामाला बसल्या. दोघांची कोपरं एकमेकांना लागत होती.

समोर मोठी बंद काच होती आणि तिच्यातून उतरतं ऊन टेबलावर आलं होतं. धारेच्या खात्यात खिडकी नव्हती. तिथे दिवसभर दिव्याखाली काम चाले.

"तुझ्याकडे उजेड छान येतो गं," उस्ताद म्हणाले.

ताईंनी हात न थांबवता वर पाहिलं.

"सकाळी याहून छान असतो," त्या म्हणाल्या. "उद्या फाटकातून थेट इकडेच या."